लेकीच्या घरची वीज

माझे वडील भगवंतराव माझ्याबद्दल गावभर बोलतात आणि माझ्याशी मोजकंच बोलतात. वरूडच्या संत्रा बाजारात उभे राहून ते कोणालाही थांबवून सांगतात, "आमची प्रणाली गाड्यायची मास्तरीन हाय. इंजिनाचा आवाज आयकून सांगते का काय बिघडलं थे." यातलं पहिलं वाक्य खरं आहे. मी अकोल्याच्या एका तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवते. दुसऱ्या वाक्याचं काय सांगू, आवाज ऐकून मला एवढंच कळतं की इंजिन चालू आहे. पण मी बाबांना कधी दुरुस्त केलं नाही. आपला बाप चारचौघांत आपली फुशारकी मारतो हे कोणाला आवडत नाही?

त्यामुळे जुनी डिझेल गाडी काढून नवी घ्यायचं ठरलं तेव्हा बाबांनी मित्रांसमोर जाहीर करून टाकलं की पोरगी सांगेल तीच गाडी घेणार. मला विचारायच्या आधी हे सगळ्या अमरावतीला कळलं होतं.

प्लग-इन हायब्रिड घ्या, असं मी सांगितलं. बाबांचं घर अमरावतीला, बाग वरूडकडे, आणि त्यांचा माल घेणारे बरेच व्यापारी अकोल्याचे. दर आठवड्याला अमरावती-अकोला फेरी ठरलेली. रविवारी मी माहेरी गेले होते, ओसरीवर त्यांचे मित्र जमले होते, आणि मी समजावून सांगायला लागले की ही गाडी घरच्या प्लगवर चार्ज करायची, बॅटरी आहे तोवर ती विजेवर पळते, बॅटरी संपली की पेट्रोलचं इंजिन सुरू होतं. बाबांनी हात वर करून मला थांबवलं. "इहिरीवर आपन काय करतो? लाइन असली का मोटर, लाइन गेली का डिझेल इंजिन. तेच चाकावर बसवलं हाय, झालं." मित्रांनी माना डोलावल्या. हे समजावायला मी वर्गात अख्खा तास घेते.

ओसरीवर पंजाबरावकाकाही होते. हे बाबांचे बालमित्र, संत्र्याचे व्यापारी, आणि बाबांनी केलेली कोणतीही गोष्ट आपण आधीच केलेली असावी अशी त्यांची लहानपणापासूनची खटपट. त्यांनी महिन्यापूर्वीच एक पांढरी प्लग-इन हायब्रिड घेतली होती. बाबांनीही तीच घ्यावी असं त्यांचं म्हणणं होतं. मी निळी सुचवली होती, दुसऱ्या कंपनीची.

"निळीच काहून?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. पांढरीची बॅटरी लहान, ती मूर्तिजापूरच्या अलीकडेच संपणार आणि मग अकोल्यापर्यंत पेट्रोल. निळीची बॅटरी मोठी, ती जवळजवळ अकोल्यापर्यंत नेणार. तिथे दुपारभर चार्ज करायची, की येतानाही विजेवर.

"कागदावर समद्याच गाड्या पयतेत. रोडवर पाहू न," काका म्हणाले.

"पाह्य मंग," बाबा म्हणाले. "दोनी गाड्या अकोल्याले नेऊ आन आनू. प्रणाली मोजीन. थे जे जितलं मनन, थे जितलं. माह्या पोरीचा शब्द हाय, निळी जितनार." त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. हे सोमवारी वरूडच्या बाजारात पोहोचणार, हे मला तेव्हाच कळलं. निळी हरली तर माझा शब्द जाणार होता आणि त्याच्यासोबत बाबांची मिशीही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत बाबांनी माझ्या घरी पाण्याचा थेंब घेतलेला नाही. लेकीच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता ती फारसं कोणी पाळत नाही. पंजाबरावकाका तर स्वतःच्या लेकीकडे मुक्काम ठोकून मटण खातात. आईसुद्धा एकटी आली की माझ्याकडे पोटभर जेवते आणि जाताना "तुह्या बाबाले नोको सांगू" म्हणते. पण बाबांनी त्यांच्या बापाला हे पाळताना पाहिलं होतं आणि पुढे चालू ठेवलं.

नातू झाला की हे बंधन सुटतं म्हणतात. मला मूल नाही. ते व्हावं की नाही हा माझा आणि माझ्या नवऱ्याचा, किशोरचा, प्रश्न आहे. कोणाच्या तरी जन्माची वाट पाहून बापानं माझ्या घरी चहा प्यावा, हे मला मान्य नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर ते "तुह्यं बराबर हाय" म्हणाले आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्याले.

दर आठवड्याला ते येतात, माझ्या ओट्यावर बसतात, आईनं दिलेला डबा उघडून माझ्यासमोर जेवतात, संत्र्यांची पिशवी आत सरकवतात, जवाईबापूंची चौकशी करतात आणि निघतात. मी भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. आता सवय झाली असं मी लोकांना सांगते. झालेली नाही.

मोजमापाची तयारी मात्र मी जोरात केली. दोन्ही गाड्या आदल्या रात्रीपासून प्लगवर. दोन्ही टाक्या एकाच पंपावर काठोकाठ. टायरमध्ये हवा सारखी, एसी सारखा, वेग ठरलेला. विजेचे युनिटही लिहायचे, कारण वीज काही फुकट येत नाही. अकोल्यात माझ्या दाराशेजारी मी खास दोन पॉइंट बसवून घेतले, जाड वायर टाकून, नीट अर्थिंग करून, वर पावसासाठी झाकण. किशोर म्हणाला, आपल्याकडे गाडीच नाही आणि पॉइंट दोन. मी म्हटलं, बाबांची येईल ना.

एवढा सगळा विचार करणारी मी, पण बाबांच्या रितीत वीजही येते का, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पाणी दिसतं, जेवण दिसतं. वीज भिंतीतून येते, तिला कोण कोणाच्या घरची म्हणणार, असं मी धरून चालले.

मार्चचा शनिवार होता, मी आदल्या रात्रीच माहेरी आले होते. मृग बहाराची संत्री निघत होती. शोरूमवाल्यानं निळी दोन दिवस चालवून पाहायला दिली होती. निघताना पंजाबरावकाकांनी हरकत घेतली की प्रणाली एका गाडीत बसली तर त्या गाडीचं वजन वाढणार. मुद्दा बरोबर होता, म्हणून दुसऱ्या गाडीत माझ्या वजनाची संत्री ठेवायचं ठरलं. बाबांनी अंगणातला वजनकाटा पुढे ओढला आणि मला म्हणाले, "चढ." मी चढले नाही. अंदाजानं क्रेट ठेवा म्हटलं. दोघा मित्रांनी माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहून जेवढे क्रेट भरले, त्याचा मला अजून राग आहे.

क्रेट भरतानाच निळीचा पहिला दोष निघाला. मोठ्या बॅटरीमुळे तिची डिकी उथळ होती. बाबांनी डिकीतली चटई उचलली आणि बराच वेळ खाली पाहत राहिले. "हिची स्टेपनी कोठी हाय?"

"नाही. पंक्चर काढायचं किट हाय."

"बाभयीच्या काट्याले किट दाखवू का मी?" बाबा म्हणाले. पंजाबरावकाकांनी लगेच आपल्या पांढरीची डिकी उघडून तिची स्टेपनी सगळ्यांना दाखवली. मी वहीत पांढरीच्या नावापुढे खूण केली. खरं ते खरं.

जाताना मी निळीत बसले. बडनेरा मागे पडलं तरी गाडीत आवाज नव्हता आणि डिझेलच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या बाबांना गाडी बंद पडल्यासारखी वाटत होती. कापसाच्या गाठींचा एक ट्रक पुढे आला. बाबांनी पाय दाबला आणि निळी अशी काही सुटली की त्यांनी स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरलं. ट्रक मागे गेला. पुढचे तीन ट्रक बाबांनी गरज नसताना ओलांडले.

मागे पांढरी होती. तिचं इंजिन कुरुमच्या आसपासच सुरू झालं असणार. मूर्तिजापूरच्या पुलावर ती जवळ आली तेव्हा चढावर तिचा आवाज आमच्या बंद काचेतून ऐकू आला. बाबांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "पंजाबची गाडी धापा टाकून राहिली." त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी माझ्या दहावीच्या निकालाला पाहिलं होतं.

बोरगाव मंजू मागे पडल्यावर निळीचं इंजिन सुरू झालं. "गेली लाइन," बाबा म्हणाले. पण अकोला आता समोरच होतं. ठरलं होतं तसंच सगळं चाललं होतं आणि मी मनातल्या मनात वरूडच्या बाजारातून मिरवून येत होते.

माझं घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदी ओलांडून आत. गल्ली अरुंद आहे. पांढरी सहज वळली. निळीला आरसे मिटून, मागे-पुढे करून आत घ्यावं लागलं, तेव्हा पंजाबरावकाका खाली उतरून तिला हातवारे करत होते. मी आणखी एक खूण पांढरीपुढे केली.

काका थेट माझ्या दारातल्या पॉइंटपाशी गेले, पांढरीचा प्लग लावला आणि "चहा टाक वं पोरी" म्हणत आत शिरले. बाबा निळीची केबल सोडवत होते. "तू जाय, पंजाबले चहा दे," ते मला म्हणाले. "मी लावतो."

त्या दिवशी आमच्या गल्लीत नळाचा दिवस होता. जुन्या शहरात नळाच्या दिवशी काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सगळ्या घरांतल्या मोटारी एकदम सुरू, ड्रम, बादल्या, पातेली सगळी बाहेर, आणि नळ जायच्या आत भरून घ्यायचं. मी एका हातानं ड्रमात पाइप धरला होता आणि दुसऱ्या हातानं काकांना पोहे देत होते, तेवढ्यात शेजारून माणिकबाईंचा आवाज आला. त्यांची लाइन गेली होती. ऐन नळाच्या वेळी मोटर बंद.

मी बाहेर आले. निळीची केबल माझ्या दाराकडे आलीच नव्हती. ती एका एक्स्टेन्शन बोर्डाला जोडलेली होती आणि त्या बोर्डाची वायर कठड्यावरून माणिकबाईंच्या खिडकीत गेली होती. त्यांच्या घराची वायरिंग त्यांच्या सासऱ्यांच्या काळची. गाडी आणि मोटर दोन्हींचा भार आला आणि फ्यूज जळाला, वासही येत होता. माझ्या दारातला दुसरा पॉइंट रिकामा होता.

"भाऊ मनले, जरासा प्लग देता का," माणिकबाई रिकामी बादली हातात धरून सगळ्या गल्लीला सांगत होत्या. "मी मनलं घ्या. मले वाटलं मोबाइल लावतीन. मले काय मालूम का अख्खी गाडी लावून राहिले."

बाबा कठड्यापाशी उभे होते, जळका प्लग हातात धरून.

"बाबा," मी म्हटलं, "माह्या दारात दोन पॉइंट हायेत. एक तुमच्यासाठी लावला हाय."

"पाह्यला मी," ते म्हणाले. "पन थे तुह्या घरचं हाय न."

"आन हे?"

"थ्या तं शेजारी हायेत."

मला भयंकर राग आला. शेजाऱ्याची वीज चालते. ज्यांचं आडनावही बाबांना धड माहीत नाही त्यांच्या खिडकीतून केबल ओढता येते, आणि ज्या लेकीच्या नावानं वरूडचा बाजार डोक्यावर घेतात तिच्या भिंतीला हात लावता येत नाही.

बाबांनाही ते कळलं असावं. हळू आवाजात म्हणाले, "असं करतो, तुह्या इथं लावतो आन जेवढे युनिट लागतीन त्याचे पैसे ठिवतो. मंग तं काई..."

"पैसे द्याचे असतीन तं पंपावर द्या," मी म्हटलं. "माह्या घरात बिल फाडू नोका."

त्यांनी केबल गुंडाळली आणि डिकीत ठेवली. किशोरनं माणिकबाईंचा फ्यूज बांधून दिला, मी आमच्या ड्रममधलं पाणी त्यांच्याकडे नेऊन ओतलं. बाबांनी ओट्यावर डबा उघडला. एरवी मी शेजारी बसते. त्या दिवशी मी आतच राहिले आणि पंजाबरावकाकांना इतका आग्रह केला की त्यांना पुढचं जेवण गेलं नसेल.

येताना मी ठरल्याप्रमाणे पांढरीत बसले. पांढरीची बॅटरी भरलेली होती, निळीची रिकामी. काका गाडी चांगली चालवत होते, पण त्यांचा चेहरा जिंकणाऱ्याचा नव्हता. कुरुम आलं. मग म्हणाले, "तुह्या बापाले मी कितीकदा मनलं. आयकत नाई. पोरी, आजचं मोजू नोको. त्याची गाडी चार्जच झाली नाई, हे काई बराबरीचं नाई झालं. पुढच्या हप्त्यात मी बी प्लग नाई लावत, परत एक डाव घेऊ."

काकांचं मन मोठं होतं, आणि मला पळवाट हवीच होती. फ्यूज उडाला, चाचणी रद्द, असं म्हणता आलं असतं. माझा शब्द तसाच राहिला असता. अमरावती येईपर्यंत मी तेच म्हणायचं ठरवत होते.

पंपावर दोन्ही टाक्या पुन्हा काठोकाठ भरल्या. वीज दोघींनाही साधारण सारखीच लागली होती. पेट्रोल मात्र निळीनं पांढरीच्या सव्वापट घेतलं. बॅटरी रिकामी झाल्यावर तेवढं ओझं ओढत नेणारं इंजिन दुसरं काय करणार? बाबा आणि काका माझ्याकडे पाहत होते. बाबांच्या नजरेत विनवणी नव्हती. काय सांगशील ते सांग, अशी नजर होती.

"पांढरी जिंकली," मी म्हटलं.

"अवं पन फ्यूज..." काका म्हणाले.

"फ्यूजचं सोडा, काका. गाडी कागदावर कशी चालते हे नाई मोजलं म्या. ज्याची गाडी थो कशी चालवनार, हे मोजलं. दोन्हीकडं प्लग लावनाऱ्याले निळी चांगली. तिच्यापेक्षा चांगली गाडी या रोडवर नाई, हे मी आजबी सांगतो. पन बाबा माह्या घरी प्लग लावनार नाईत. आजबी नाई आन उद्याबी नाई. मंग त्यायच्यासाठी पांढरी बराबर हाय. वरूडले तसंच सांगा."

पंपावरचा पोरगा पैशासाठी उभा होता. काकांनी दोघांचे देऊन टाकले, आणि बाबांनी त्यांना अडवलं नाही. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसनं अकोल्याला निघणार होते. बाबा म्हणाले, गाडी रात्रभर चार्ज झाली आहे, शोरूमला संध्याकाळी द्यायची आहे, सोडून देतो. मी नको म्हटलं नाही. बडनेरा गेलं, लोणी गेलं. आज ते एकही ट्रक ओलांडत नव्हते. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांनी बोलायला सुरुवात केली, रस्त्यावरची नजर न हलवता.

"काल तू पांढरी मनली. वाईट नाई वाटलं?"

"वाटलं. पन खरं थेच होतं."

"हाओ. खरं होतं." मूर्तिजापूरचा पूल मागे पडला. "माहे बाबा आत्याच्या घरी पानी पेत नव्हते. मी लहान होतो, सोबत जात होतो. मले वाटे, रीत हाय. आत्याच्या घरी लय हाल होते. पाहुना आला का कोनाच्या तरी ताटातलं कमी होये. थे माह्या बाबाले मालूम होतं. मनून थे घरूनच भाकर बांधून नेत आन आत्याले मनत, लेकी-बहिनीच्या घरचं खात नाई आमी. तिची लाज झाकत होते थे." त्यांनी डावा हात उगाच गिअरवर ठेवला. "रात्रभर इचार केला. माह्या पोरीनं दारात दोन दोन पॉइंट लावले. शेजारनीले ड्रमानं पानी देते. स्वोताचा शब्द गेला तं जाऊ देते, पन खोटं बोलत नाई. अन मी थ्या घराचं काय झाकून राहिलो?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. गाडी विजेवर होती, त्यामुळे माझं नाक ओढणं स्पष्ट ऐकू आलं. बाबांनी एसी कमी केला, जणू सर्दीच झाली होती मला.

गल्लीत आरसे मिटून गाडी आत घेतली. माणिकबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. निळी गाडी पाहून त्या सावध झाल्या. "भाऊ, आज माह्या इथं लाइन नाई हं," त्या म्हणाल्या.

"आज पोरीची हाय," बाबा म्हणाले.

त्यांनी डिकीतून केबल काढली, माझ्या दाराशी आले, दुसऱ्या पॉइंटवरचं झाकण स्वतः उचललं आणि प्लग लावला. गाडीवर हिरवा दिवा लागला. मी पायरीवर उभी होते. वर्गात किती गाड्या चार्ज करून दाखवल्या असतील, पण दिवा लागल्यावर मी कधी अशी पाहत राहिले नव्हते. आपल्या घरात काहीतरी आहे, देण्यासारखं आहे, आणि माझ्या बापानं ते हात पुढे करून घेतलं आहे, एवढंच मला कळत होतं.

"किती येळ लागन?" त्यांनी विचारलं.

"पाच-सहा तास. बॅटरी मोठी हाय, बाबा."

"पाच-सहा तास," ते म्हणाले. ते चपला काढत होते. ओट्यावर नाही, आत, दाराच्या आत. गाडीत आज डबा नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. सकाळी आईनं बांधलाच नव्हता, म्हणजे घरून निघतानाच त्यांचं ठरलं होतं.

"मामाजी, या," किशोर स्वयंपाकघरातून बाहेर आला. रविवारी भाजी तो करतो. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या रिकाम्या हातांकडे, आणि न विचारता आत जाऊन कणकेत आणखी पीठ घेतलं.

वांग्याची भाजी, वरण, पोळ्या आणि काल उरलेली भाकरी एवढंच होतं. मी काहीतरी गोड करते म्हटलं तर बाबा म्हणाले, जे आहे ते वाढ. त्यांनी भाकरीच घेतली. मी पाण्याचा तांब्या ठेवला. ते प्याले, मिशी पुसली आणि जेवायला लागले. भाजी तिखट झाली होती. त्यांनी तसं किशोरला सांगितलंही आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली. मी समोर बसले होते. मला भूक नव्हती आणि उठायचंही नव्हतं.

मधेच फोन वाजला. पंजाबरावकाका होते. बाबांनी डाव्या हातानं फोन कानाला लावला. खासगी बोलणं त्यांना येत नाही. ते वरूडच्या बाजारात बोलतात त्याच आवाजात बोलत होते, आणि शेजारी माणिकबाईंचं सूप थांबलेलं मला ऐकू आलं.

"नाई, घरी नाई हाओ. अकोल्याले हाओ, पोरीच्या घरी. जेवून राहिलो." पलीकडून बहुधा काही उत्तर आलं नाही, कारण बाबांनी ते पुन्हा सांगितलं. "जेवून राहिलो मनलं. वांग्याची भाजी. जवाईबापूनं केली... हाओ, निळीच घेऊन राहिलो. पोरीनं सांगतलं न, दोन्हीकडं प्लग लावनाऱ्याले निळी. मंग? लावला न. तिच्याच घरी लावला. पाच-सहा तास लागतेत मनते भराले." त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं, आणखी भाकरीसाठी. "लागू दे. मले कोठी जाचं हाय?"